खोचमायची जाळी

खोचमायचं बोलणं हातांपासून सुरू व्हायचं. समोर बाई आली की तिचे दोन्ही हात आधी त्या बाईच्या कमरेकडे जायचे. पदराचं लोंबतं टोक ओढून ते कमरेला घट्ट खोचायचं, वेणी पुढे आली असेल तर उचलून पाठीमागे ब्लाउजमध्ये सारायची, आणि हे सगळं मनासारखं झालं की मग म्हणायचं, "हं, बोल आता. काय म्हनते?" पहिल्यांदा भेटणारी बाई दचकायची. दुसऱ्यांदा भेटणारी हसायची. तिसऱ्यांदा भेटणारी आपणच पदर खोचून पुढे यायची, आणि तरीही खोचमाय तो एकदा उपसून नव्याने खोचायचीच. दुसऱ्याच्या खोचण्यावर तिचा भरवसा नव्हता.

हजेरीत तिचं नाव अनुसया होतं. हजेरी घेणारा सोडला तर त्या नावाने तिला कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. गोंदियाहून कामठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची राइस मिल होती, आणि त्या मिलमध्ये काम करणाऱ्या आम्हा सगळ्या बायांची ती खोचमाय होती. ती कामठ्याच्याच बाजूच्या एका खेड्यातून यायची. उंच, हाडकुळी, आवाज असा की चालू मशिनीवरून ऐकू जावा. मी बारावीत आपटले आणि घरच्यांनी मला पोत्यांची तोंडं शिवायच्या कामावर लावून दिलं. पहिल्या दिवशी मी चांगली गुलाबी ओढणी घेऊन गेले होते. कामावर कोणी गुलाबी ओढणी घेऊन जातं का, असं आज मीच म्हणेन, पण तेव्हा मला वाटायचं की मिलमध्ये माणसं बघायला येतात. खोचमायने माझ्या गळ्यातली ती ओढणी काढली, छातीवरून आडवी नेली आणि कमरेच्या बाजूला अशी करकचून गाठ मारली की दुपारी जेवताना मला धड वाकता येईना.

"लोंबलं तं गेलं," ती म्हणाली. "ध्यानात ठेव. बाकी काही नाही शिकली तरी चालते."

ते तिचं ठरलेलं वाक्य होतं. दिवसातून कितीदा म्हणायची कोण जाणे. आम्ही तिची नक्कल करायचो. कोणाचा बांगडीचा तुकडा पडला की "गेलं", कोणाचं भाजीचं फडकं सुटलं की "लोंबलं". ती ऐकायची, रागवायची नाही, आणि नक्कल करणारीचा पदर खोचून पुढे जायची.

तिचा सगळा रोख होता त्या पट्ट्यावर. आमची मिल जुनी. वरच्या मशिनी सेठने नवीन आणल्या होत्या, पण खाली मोटारीपासून पालिशच्या मशिनीपर्यंत जाणारा लांब पट्टा जुनाच होता. कमरेएवढ्या उंचीवरून तो सपसप धावायचा. त्याच्या खाली दिवसभर कोंडा सांडायचा, आणि तो झाडून गोळा करायला बाया वाकून आत शिरायच्या. म्हणजे डोक्यावर पट्टा आणि हातात झाडणी. "पट्ट्याले डोळे नाहीत," खोचमाय म्हणायची. "त्याले कोंडा आला काय न तू आली काय, सारखंच."

तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिची धाकटी जाऊ अशाच एका मिलमध्ये कामाला होती. ही गोष्ट तिने मला एकदाच सांगितली, तीही धड बसून नाही, पोती मोजताना मध्येच. जावेचा पदर गेला, पदरामागे ती गेली. "मी तिच्याजवळच होती. सकाळी घरून निंगताना तिचा पदर खांद्यावरून सुटला होता. मले दिसला होता. माह्या हातात पोयीचं पीठ होतं, म्हनून मी हात नाही लावला." एवढं बोलून ती पुन्हा पोती मोजायला लागली, आणि आकडा चुकला म्हणून पहिल्यापासून मोजली. त्यानंतर मी तिच्या खोचण्याची नक्कल केली नाही.

आता तुम्ही म्हणाल, पट्ट्याला जाळी नव्हती का? होती की! चांगली लोखंडी, खास बनवून घेतलेली, पट्टा दोन्ही बाजूंनी झाकेल अशी जाळी होती. ती भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. जाळी लावली की खालचा कोंडा काढायला दर वेळी पान्याने बोल्ट सोडावे लागायचे, आणि पट्टा सरकायला लागला की तो चालू असतानाच पकडीसाठी त्यावर राळ टाकायची गजूभाऊ मिस्त्रीची पद्धत होती, तीही जाळीमुळे अडायची. म्हणून जाळी काढली, ती काढलेलीच राहिली. पण लोखंडाची वस्तू मिलमध्ये वाया जात नाही. उभ्या जाळीच्या वरच्या टोकांना बाया आपापल्या डब्यांच्या पिशव्या टांगायच्या. खाली ठेवल्या तर उंदीर फाडायचे, जाळीवर टांगल्या तर डबा सुरक्षित. एकीची पिशवी साबणाच्या जाहिरातीची, एकीची लग्नात मिळालेली, माझी शाळेतली जुनी. खोचमायची पिशवी तेवढी तिथे कधी दिसली नाही. ती आपला डबा पोत्यांच्या थप्पीच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवायची. कितीदा तरी उंदरांनी तिच्या पोळ्या कुरतडल्या. आम्ही म्हणायचो, "काऊन असं करते वो माय? टांग ना इथं." ती म्हणायची, "ते खुंटी नाही. ज्या दिवशी मी तिले खुंटी मानली, त्या दिवशी संपलं."

वर्षातून एक दिवस जाळी आपल्या जागी जायची. खंडेनवमीला. दसऱ्याला आम्ही विहारात जाणारी माणसं, पण मिलमधली पूजा आदल्या दिवशी असायची, त्यामुळे मीही हजर असायचे, मुख्यतः बुंदीसाठी. त्या दिवशी मिल धुऊन काढायची, मशिनींना तेल, आणि पिशव्या उतरवून जाळी पट्ट्यावर चढवायची, कारण तिच्याशिवाय पूजेत मशीन उघडीबोडकी दिसते असं सेठच्या आईचं म्हणणं होतं. मग जाळीला हळदकुंकू, झेंडूचा हार, आंब्याची पानं. सेठ, सेठानी, सगळे हात जोडून उभे. दिवाळीनंतर नवा धान यायला लागला, पट्टा रात्रंदिवस धावायला लागला, की जाळी पुन्हा भिंतीपाशी, तिच्यावर वाळलेला हार तसाच आणि हारावर डब्यांच्या पिशव्या. खोचमाय म्हणायची, "पट्टा बंद राहाते तवा जाळी, न चालू राहाते तवा उघडा. वारे वा अक्कल!"

अशाच एका पूजेत तिने सेठानीलाही सोडलं नाही. सेठानी जरीची साडी नेसून, पदर मोकळा सोडून, हातात आरतीचं ताट घेऊन पट्ट्यासमोर उभ्या. पट्टा बंदच होता, पण खोचमायचे हात कुठले थांबायला? ती पुढे झाली, आणि आरती चालू असतानाच सेठानीच्या पदराचं टोक धरून त्यांच्या कमरेला खोचून मोकळी झाली. टाळ्या थांबल्या. सुपरवायझरचा चेहरा बुंदीसारखा पिवळा पडला. सेठानी मात्र हसल्या, "अरे वाह मौसी, अच्छा किया," म्हणाल्या, आणि सगळी पूजा त्यांनी पदर खोचूनच केली. त्या दिवशी खोचमायने संधी साधली. प्रसाद हातात घेता घेता ती म्हणाली, "बाईसाहेब, हे जाळी अशीच राहू द्या ना. काढू नका." सेठानीने सेठकडे पाहिलं, सेठने सुपरवायझरकडे, आणि सुपरवायझर म्हणाला, "हां हां, रहने देंगे." आम्हाला वाटलं, झालं काम.

त्या वर्षी जाळी खरंच राहिली. पहिले काही दिवस खोचमाय पट्ट्याकडे बघत अशी फिरायची, जणू तिच्या घरी नातू झालाय. पण कोंडा काही सांडायचा थांबला नाही. जाळी खोला, झाडा, लावा, पुन्हा खोला. बायांना उशीर व्हायला लागला. संध्याकाळी गावाकडे जाणारा ऑटो भरला की निघून जायचा आणि मग अंधारात पायी जावं लागायचं. एक दिवस बायाच गजूभाऊला म्हणाल्या, काढून टाक बापा ती बला. सेठ नाही, सुपरवायझर नाही, बायाच म्हणाल्या. खोचमाय जाळीसमोर उभी राहिली, "नोको काढू, मी सांगून राहिली ना," म्हणत राहिली. तिच्याच गावची एक बाई तिला म्हणाली, "तुले घरी सून हाये रांधाले. आमाले जाऊन चूल पेटवा लागते." खोचमाय जाळीसमोरून बाजूला झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी भिंतीपाशी होती आणि दुपारपर्यंत तिच्यावर पिशव्या होत्या.

हरली म्हणून ती गप्प बसली असती तर ती खोचमाय कसली. तिने एक वेगळीच राखण सुरू केली. आमच्याकडे विजेची लाइन जायची, दिवसातून केव्हाही. लाइन गेली की पट्टा थांबायचा, आणि तेवढ्या वेळात बाया पटकन आत शिरून कोंडा झाडून घ्यायच्या. पण गोम अशी की गजूभाऊने स्टार्टरच्या बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवली होती. शेतातल्या मोटारीला नाही का लावून ठेवत, लाइन आली की आपोआप सुरू व्हावी म्हणून? तीच युक्ती. गजूभाऊचं स्वतःचं धानाचं शेत होतं, मोटार आणि मिल यांत त्याला फार फरक वाटत नव्हता. म्हणून लाइन गेली की खोचमाय हातातलं काम टाकून आधी स्टार्टरकडे धावायची, पाचर उपटायची आणि मुठीत धरून उभी राहायची. शेवटची बाई पट्ट्याखालून बाहेर आली, खोचमायने सगळी डोकी पाहिली, की मूठ उघडून पाचर गजूभाऊच्या हातात द्यायची. "घे तुहं लाकूड." गजूभाऊ वाईट माणूस नव्हता. तो हसायचा, "मावशी, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही," म्हणायचा. ते त्याचं म्हणणं खरंच होतं. त्याने काळजी करणं सोडूनच दिलं होतं.

मग कुठल्या तरी दुसऱ्या मिलमध्ये काहीतरी झालं, बोंबाबोंब झाली, आणि आमच्या मिलमध्ये सुरक्षितता आली. ती एका खोक्यातून आली. खोक्यात नारिंगी जॅकेटं होती, चमकत्या पट्ट्यांची, पुढे बांधायला लांब नाड्या असलेली. सगळी एकाच मापाची, ते माप हमालांचं. बायांच्या अंगावर ती गुडघ्यापर्यंत यायची आणि दोन्ही बाजूंनी फडफडायची. एक मोठा फलकही आला, त्यावर हेल्मेट घातलेला गोरागोमटा माणूस हसत होता. फलक लावायला जागा शोधली तर भिंतीवर जाळी आडवी येत होती, म्हणून फलक जाळीलाच तारेने बांधला. फोटो निघाले. खोचमायने जॅकेटाची नाडी बोटाला गुंडाळून पाहिली आणि म्हणाली, "हे काय वो? लुगड्याचा पदर मी आत घातला, तं यायनं वरून दुसरा देल्ला."

ती माझ्याकडे सगळी जॅकेटं घेऊन आली. माझ्याकडे पोती शिवायची मशीन होती, जाड सुताची. आम्ही दोघींनी दुपारच्या सुट्टीत नाड्या कापल्या आणि बाजूंना चुण्या घालून मी त्यांवर पोत्याची शिलाई मारली. सुंदर दिसत होती असं नाही, पण अंगाला बसत होती. दोन दिवसांनी सुपरवायझरच्या लक्षात आलं. माल खराब केला म्हणून त्याने आरडाओरडा केला, "ये कंपनी का माल है, मौसी, घर का थैला नहीं," आणि सगळी शिलाई उसवायला लावली. मीच उसवली. ती शेजारी बसून सुताचे तुकडे वेचत होती. नाड्या पुन्हा नव्या लावल्या, आधीपेक्षा मजबूत.

माघात कचारगडची जत्रा भरते. आमच्यातल्या बऱ्याच बाया गोंड समाजाच्या, त्या जत्रेला गेल्या होत्या. मिलमध्ये बाया कमी होत्या, आणि त्याच दिवशी पाहणीला कोणी येणार होते. सगळं चकाचक पाहिजे, जॅकेटाशिवाय कोणी दिसायला नको. सकाळी लाइन गेली. खोचमाय सवयीने स्टार्टरकडे निघाली तर सुपरवायझरने तिला मध्येच अडवलं. "अरे मौसी, आज बाई लोग कम हैं, तुम भी झाड़ू मारो. वो गजू देख लेगा." तिने जाता जाता गजूभाऊला हाक दिली, "लाकूड काढजो बापा." गजूभाऊ तेव्हा वजनकाट्यापाशी कोणाशी बोलत होता. त्याने मान हलवली. ती मान कशासाठी हलवली हे त्यालाही पुढे सांगता आलं नाही. इतकी वर्षं ते लाकूड तीच काढत आली होती, त्यामुळे ते काढलेलंच असणार असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मी माझ्या जागेवरून तिला पाहत होते. पदर खोचलेला, डोक्याला फडकं, वेणी फडक्यात. वरून जॅकेट. ती नाड्या बांधत बांधतच आत शिरली. सोबतच्या दोघींना तिने आधी बाहेरच्या बाजूला लावलं आणि स्वतः आतल्या टोकाला गेली. मग लाइन आली.

पुढचं मी लिहीत नाही. गजूभाऊने धावत जाऊन पट्टा बंद केला, पण नाडीमागे तिचा उजवा हात गेला होता, खांद्यापासून. नागपूरच्या दवाखान्याचं सगळं सेठने केलं, त्यात त्याने हात आखडता घेतला नाही. पाहणीला येणारे त्या दिवशी आले नाहीत. संध्याकाळी थप्पीच्या पायथ्याशी तिची पिशवी तेवढी उरली होती. मी ती उचलली, डब्याला मुंग्या लागल्या होत्या. तिच्या घरी नेऊन सुनेच्या हातात दिली.

त्यानंतर जाळी लावली. यावेळी बोल्टांवर नाही, वेल्डिंग करून पक्की. फलक भिंतीवर खिळ्यांनी ठोकला. मी खोचमायला भेटायला गेले तेव्हा तिचा पहिला प्रश्न तोच होता, "जाळी लावली का?" मी म्हटलं, "लावली माय, वेल्डिंग केली." तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली, पण ती म्हणाली, "मंग ठीक हाये." एवढ्याने तिला ठीक वाटावं याचा मला इतका राग आला की मी घराबाहेर येऊन रडले.

पुढल्या हंगामात पट्टा तुटला. नवा चढवायला जाळी आडवी येत होती म्हणून ती ग्राइंडरने कापली. नंतर लावू म्हणाले. गजूभाऊ तोवर काम सोडून शेतीवर गेला होता, नव्या मिस्त्रीला जाळी कुठली हेच माहीत नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. काही दिवस तिच्याकडे कोणी बघायचं नाही. मग एक दिवस तिच्यावर एक पिशवी दिसली. कोणाची, ते मी विचारलं नाही. आठवड्याभरात सगळ्या आल्या. नव्या आलेल्या पोरींना तर ती डबे टांगायचीच वस्तू वाटते. स्टार्टरमध्ये पुन्हा एक पाचर आहे. लाइन गेली की मी शिवणाची मशीन सोडून तिकडे धावते, पण मशिनीपासून स्टार्टर लांब आहे, आणि दर वेळी मी वेळेत पोचतेच असं नाही. नव्या पोरींना मी म्हणते, लोंबलं तं गेलं. त्या हसतात. त्यांनी खोचमाय पाहिलेली नाही. ती नारिंगी जॅकेटं मिलमध्ये कोणी घालत नाही आता. कामठ्याच्या रस्त्याने गेलात तर धानाच्या बांध्यांत काठीवर उभी केलेली दिसतील, पाखरं हाकलायला बरी पडतात. एक तर खोचमायच्या अंगणातून सरळ दिसतं.

गेल्या महिन्यात मी कामावरून परस्पर तिच्याकडे गेले. ती अंगणात बाजेवर बसली होती. पदर सुनेने खोचून दिलेला, जरा सैलच. मला पाहिलं आणि तिचा डावा हात सवयीने माझ्या ओढणीकडे आला. तिने एक टोक धरलं, आडवं ओढलं, आणि थांबली. गाठ मारायला दुसरं टोक धरणारा हात नव्हता. ते टोक मी धरलं. तिने आपलं टोक वरून घातलं, मी खालून घेतलं, आणि दोघींनी मिळून एक गाठ मारली. ती ढिली बसली. तिने बोटाने ओढून पाहिली, तिला पटली नाही, पण सोडून दिली.

"जाळी हाये ना?" तिने विचारलं.

"आहे माय," मी म्हटलं. "पट्ट्यावर आहे."

ती माझ्या खांद्याला लटकलेल्या डब्याच्या पिशवीकडे बघत राहिली. शाळेतली ती जुनी पिशवी. तिच्या बंदाला गंजाचा तांबडा डाग पडला होता, लोखंडावर टांगलेल्या वस्तूला पडतो तसा. तो मला तेव्हाच दिसला.

"मंग डबे कुठी टांगता वो?" खोचमायने विचारलं.